मुरुमांच्या खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग आणि एलईडी प्रकाश : आधी काय, नंतर काय

मुरूम बरे होऊन कित्येक वर्षे लोटली तरी गालांवरचे खड्डे तसेच राहतात. याचे कारण ते त्वचेच्या वरवरच्या थरात नसून त्याखालच्या डर्मिस या थरात असतात. जखम भरून येताना तिथे कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन, कमी पडलेले असते, आणि काही ठिकाणी त्वचेचा तळ खालच्या ऊतींना घट्ट तंतूंनी बांधला गेलेला असतो. मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेला टोचणे, आणि एलईडी दिव्यांचा प्रकाश हे दोन उपचार एकत्र करायचे असतील, तर त्यांतला कोणता काय करतो हे आधी नीट समजून घ्यावे. सुई त्वचेला नवे कोलॅजन तयार करायला भाग पाडते. प्रकाश त्या दुरुस्तीच्या काळात त्वचेला आधार देतो आणि लाली व सूज लवकर उतरायला मदत करतो. खड्डा भरण्याचे मुख्य काम सुईचेच असते, आणि केवळ प्रकाश घेऊन खोल खड्डे बुजतील अशी अपेक्षा कोणीही धरू नये.

सुईची ही कल्पना एका निरीक्षणातून पुढे आली. कॅनडातील आंद्रे कामिरां आणि जोसलीन दूसे यांनी वण झाकण्यासाठी त्यांवर त्वचेच्या रंगाचे गोंदण केले होते. काही काळाने गोंदणाचा रंग फिका पडला, पण वणांचा पोत आणि रंग मात्र सुधारलेला दिसला. मग शाई न वापरता केवळ गोंदणाच्या सुयांनी वण सुधारण्याचा प्रयोग त्यांनी केला आणि १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. दक्षिण आफ्रिकेतील प्लास्टिक सर्जन डेस फर्नांडिस यांनी पुढे बारीक सुयांचा रोलर विकसित केला. आज दवाखान्यांत बहुधा विजेवर चालणारे पेनसारखे उपकरण वापरतात, कारण त्यात सुईची खोली भागाप्रमाणे बदलता येते आणि सुया त्वचेत सरळ शिरतात. रोलर फिरताना सुई तिरकी आत जाते आणि तिरकीच बाहेर येते, त्यामुळे त्वचा फाटण्याची शक्यता अधिक असते.

उपचाराआधी : वण ओळखणे

चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहून खड्ड्याच्या दोन्ही बाजूंची त्वचा बोटांनी हलकेच ताणून पाहावी. ताणल्यावर खड्डा नाहीसा होत असेल किंवा बराच उथळ दिसत असेल, तर तो मायक्रोनीडलिंगला चांगला प्रतिसाद देण्याची शक्यता असते. ताणूनही न हलणारे, टाचणीने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल खड्डे या उपचाराला फारसे दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी खड्ड्याच्या तळाशी तीव्र आम्ल टिपण्याची पद्धत किंवा तो भाग काढून टाकण्याची लहान शस्त्रक्रिया अधिक उपयोगी ठरते. लाटांसारख्या दिसणाऱ्या पसरट खड्ड्यांच्या तळाशी तंतू बांधले गेलेले असतील, तर ते आधी सुईने सोडवावे लागतात. या प्रक्रियेला सबसिजन म्हणतात. बहुतेकांच्या चेहऱ्यावर हे सर्व प्रकार मिसळलेले असतात, म्हणून एकाच उपचारावर सगळी भिस्त ठेवणे मला चुकीचे वाटते. मुरुमांनंतर राहिलेला केवळ तपकिरी किंवा लाल डाग म्हणजे खड्डा नव्हे, आणि त्यासाठी खोल सुईची गरजही नसते.

पुढील परिस्थितींत हा उपचार पुढे ढकलावा किंवा टाळावा : चेहऱ्यावर सूज असलेले, पू भरलेले मुरूम असणे, त्वचेचा कोणताही संसर्ग असणे, वण फुगून वाढण्याची म्हणजे केलॉइडची प्रवृत्ती असणे, मधुमेह आटोक्यात नसणे, रक्त पातळ करणारी किंवा रोगप्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असणे. ज्यांना ओठांभोवती वारंवार हर्पिसचे, म्हणजे तापाचे फोड येतात, त्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अशा वेळी विषाणूविरोधी गोळ्या आधीपासून सुरू कराव्या लागतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असल्यास तेही लपवू नये. प्रकाशाच्या बाबतीत वेगळी यादी आहे. डॉक्सिसायक्लिनसारखी त्वचा प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधे, ल्युपस, पोर्फिरिया, डोळ्यांच्या पडद्याचे विकार आणि लुकलुकत्या प्रकाशाने येणारी फिट यांपैकी काहीही असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीवाचून एलईडी वापरू नये.

उपचाराच्या साधारण एक आठवडा आधी रेटिनॉल, ट्रेटिनॉइन आणि आम्लयुक्त सीरम थांबवावीत. त्या काळात उन्हात रापू नये. पहिल्या दिवशी एकाच जागी, एकाच उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. प्रकाश एका बाजूने तिरका पडेल असे पाहावे, कारण समोरून पडणाऱ्या उजेडात खड्ड्यांच्या सावल्या पुसल्या जातात आणि पुढे तुलना करता येत नाही.

सुईचे सत्र

खड्ड्यांसाठीचे मायक्रोनीडलिंग प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावे, असे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो. घरगुती वापराचे ०.२ ते ०.३ मिलिमीटरचे रोलर मुख्यतः वरच्या थरापुरते काम करतात, तर गालांवरच्या खड्ड्यांसाठी बहुधा १.५ ते २ मिलिमीटर खोली लागते. कपाळ, नाक आणि डोळ्यांभोवतीच्या पातळ त्वचेवर ती कमी ठेवतात. एवढी खोली घरी गाठू पाहिल्यास संसर्ग, नवे वण आणि काळे डाग ओढवून घेतले जातात. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरण्याच्या असल्या पाहिजेत, आणि त्यांचे पाकीट आपल्या डोळ्यांसमोर उघडण्याची विनंती करण्यात मुळीच संकोच बाळगू नये.

चेहरा स्वच्छ करून बधीर करणारे मलम सुमारे अर्धा ते पाऊण तास लावून ठेवतात. नंतर ते पूर्ण पुसून जंतुनाशक लावले जाते. त्वचा ताणून धरून आडव्या, उभ्या आणि तिरक्या दिशांनी उपकरण फिरवतात. त्वचा लालबुंद होते आणि रक्ताचे बारीक ठिपके दिसू लागतात. ही थांबण्याची खूण आहे. याहून अधिक वेळा फिरवल्याने परिणाम वाढत नाही, इजा मात्र वाढते. शेवटी सलाइनने चेहरा पुसून घेतात.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. सुयांमुळे उघडलेल्या मार्गांतून वरून लावलेला पदार्थ थेट त्वचेच्या आत जातो. वरून लावण्यासाठी बनवलेली व्हिटॅमिन सीची सीरम अशा त्वचेत शिरल्यामुळे दीर्घकाळ टिकणाऱ्या गाठी आल्याच्या घटना नोंदवल्या गेल्या आहेत. म्हणून त्या दिवशी सुगंधी, रंगीत किंवा अनेक घटक असलेले काहीही लावू देऊ नये. त्वचेत ओलावा धरून ठेवणारे साधे, निर्जंतुक हायलुरॉनिक आम्ल पुरेसे असते.

प्रकाश केव्हा, कोणता आणि किती

एलईडी प्रकाश सुईनंतर द्यावा. चेहरा पुसून रक्तस्राव थांबला की लगेच तो देता येतो. सुमारे ६३० ते ६६० नॅनोमीटरचा लाल आणि सुमारे ८३० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड, या दोन लहरी त्वचेच्या दुरुस्तीसाठी वापरल्या जातात. पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते हा प्रकाश शोषते आणि त्यातून पेशीच्या ऊर्जानिर्मितीला चालना मिळते, असे या उपचाराचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश मुरुमांच्या जिवाणूंवर काम करतो, परंतु सावळ्या आणि गडद त्वचेत तो रंगद्रव्य वाढवू शकतो. त्यामुळे ताज्या सुईकामानंतर तो टाळलेला बरा.

मात्रा मोजण्याची रीत सोपी आहे. उपकरणाची तीव्रता मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. तिला सेकंदांनी गुणून १००० ने भागले की जूल प्रति चौरस सेंटिमीटर मिळतात. तीव्रता ४० असेल आणि प्रकाश १० मिनिटे दिला, तर मात्रा २४ जूल होते. ही तीव्रता उत्पादकाने ठरावीक अंतरावर मोजलेली असते, आणि एलईडी दिव्यांचे पॅनेल दूर नेले की ती घटते. अधिक प्रकाश म्हणजे अधिक लाभ हे गणित इथे लागू पडत नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे परिणाम उलट कमी होऊ लागतो, म्हणून सांगितलेल्या १० ते २० मिनिटांतच थांबावे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. पहिल्या दिवशी त्वचेला टेकणारा एलईडी मुखवटा वापरू नये. त्वचेपासून दूर राहणारे पॅनेल वापरावे, कारण उघड्या त्वचेला न पुसलेल्या सिलिकॉनचा स्पर्श हे संसर्गाचे निमंत्रण ठरते. घरचा मुखवटा वापरायचाच असेल, तर त्वचेची छिद्रे मिटून लाली ओसरल्यावर, म्हणजे तीनेक दिवसांनी, स्वच्छ पुसून आठवड्यातून दोन-तीन वेळा वापरावा.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी चेहरा उन्हाने भाजल्यासारखा लाल आणि तापलेला असतो. ही लाली सहसा दोन-तीन दिवसांत उतरते, मग त्वचा किंचित कोरडी होऊन तिचे बारीक कण सुटतात. कोमट पाणी, सौम्य क्लेन्झर आणि सुगंधविरहित मॉइश्चरायझर एवढेच वापरावे. पहिले २४ तास मेकअप नको. घाम येईल असा व्यायाम, पोहणे आणि वाफ घेणे दोन-तीन दिवस टाळावे. अनेक त्वचारोगतज्ज्ञ या काळात आयब्युप्रोफेनसारखी दाह कमी करणारी गोळी घेऊ नका असे सांगतात, कारण सुरुवातीचा मर्यादित दाह हाच नव्या कोलॅजनच्या निर्मितीचा आरंभ असतो. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन आणि आम्लयुक्त सीरम आठवडाभर बंद ठेवावीत.

उन्हापासून जपणे हा या संपूर्ण उपचारातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बरी होत असलेली त्वचा उन्हात गेली की तिच्यावर काळे डाग उमटतात, आणि ते काही वेळा मूळ खड्ड्यांपेक्षा ठळक दिसतात. पहिल्या दिवशी टोपी आणि सावली यांवरच भिस्त ठेवावी. दुसऱ्या दिवसापासून एसपीएफ ३० किंवा अधिकचे, झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन लावावे. गडद त्वचेसाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक चांगले, कारण ते दृश्य प्रकाशही अडवते.

वेदना कमी होण्याऐवजी वाढत असेल, पू दिसत असेल, पाण्याने भरलेल्या फोडांचे झुबके येत असतील किंवा ताप असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

सत्रांमधले अंतर

दोन सुईसत्रांत ४ ते ६ आठवड्यांचे अंतर असावे. दुरुस्तीत प्रथम तयार होणारे तिसऱ्या प्रकारचे कोलॅजन हळूहळू पहिल्या प्रकारच्या, अधिक बळकट कोलॅजनमध्ये बदलते. हे काम महिनोन्महिने चालते आणि घाई केल्याने त्यात अडथळा येतो. पहिल्या आठवड्यात खड्डे भरल्यासारखे दिसतात, पण ती बहुतांशी सूज असते. त्या दिवसांत आरशावर विश्वास ठेवून आनंदणे आणि तिसऱ्या आठवड्यात निराश होणे, दोन्ही टाळावे. बहुतेकांना ३ ते ६ सत्रे लागतात. खरी तुलना शेवटच्या सत्रानंतर किमान ३ महिन्यांनी, पहिल्या दिवशीच्याच तिरक्या उजेडात काढलेल्या छायाचित्रांशी करावी. चार सत्रांनंतरही एखादा खड्डा जिथल्या तिथे असेल, तर पाचवे सत्र ठरवण्याआधी डॉक्टरांकडून तोच खड्डा पुन्हा ताणून तपासून घ्यावा आणि तिथे सबसिजन किंवा आम्ल टिपण्याची पद्धत योग्य ठरेल का, हे विचारावे.