रीफरच्या कामात यायचंय? पहिला हंगाम पॅकहाउसला काढा

जानेवारी ते एप्रिल नाशिक जिल्ह्यातून द्राक्षाचे रीफर, म्हणजे आत ठरावीक गारवा राखणारे, कंटेनर नवी मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराकडे धावत असतात. त्यातले पुष्कळसे पुढे युरोपात रॉटरडॅमला जातात. या साखळीत मी बरीच वर्षं आहे. आधी पिंपळगाव बसवंतच्या बाजूला पॅकहाउसवर होतो, म्हणजे फळ निवडून, खोक्यांत भरून गार करतात तिथे. मग सीएचएकडे, म्हणजे कस्टमचं काम करून देणाऱ्या एजंटकडे गेलो, आता एका फॉरवर्डरच्या, म्हणजे निर्यातदाराच्या मालाची जहाजवाहतूक ठरवून देणाऱ्या कंपनीच्या, रीफर डेस्कवर आहे. बी.एस्सी. ॲग्री, फूड टेक, बी.कॉम. झालेली मुलं विचारतात, सुरुवात कुठून करू? मी प्रत्येकाला पॅकहाउस सांगतो. बुकिंग आणि कागदपत्रं नवी मुंबईच्या ऑफिसात कुणीही शिकवेल. माल कसा बिघडतो, हे तिथे बसून कळत नाही.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा: रीफर माल थंड करत नाही, आधीच थंड केलेला माल थंड ठेवतो. कंटेनरच्या भिंतींतून आत शिरणारी आणि फळाच्या श्वसनातून निघणारी उष्णता बाहेर काढण्यापुरतीच त्या मशीनची ताकद असते. मार्चच्या दुपारी बागेतून आलेला घड २८-३० अंशांवर असतो आणि निर्यातीत तो शून्याच्या आसपास न्यायचा असतो. हे काम प्रीकूलिंगच्या खोलीचं. तिथे खोक्यांमधून जोराने गार हवा ओढून काही तासांत मालाची उष्णता काढतात. ते अर्धवट सोडून माल कंटेनरमध्ये भरला, तर डिस्प्लेवर शून्य दिसत असताना मधल्या पॅलेटमधला मणी कित्येक दिवस गरमच राहतो.

याचे परिणाम द्राक्षात फार स्पष्ट दिसतात, म्हणून शिकायला द्राक्षासारखा माल नाही. प्रत्येक खोक्यात घडांवर ग्रेपगार्ड ठेवतात. त्या कागदात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओलावा लागला की त्यातून हळूहळू सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि करड्या बुरशीला रोखून धरतो. माल नीट गार असेल, तर हा वायू प्रवासभर पुरतो. आता गरम माल गार कंटेनरमध्ये गेला असं धरा. खोक्याच्या आत पाणी सुटतं, कागद भिजतो आणि वायू एकदम बाहेर पडतो. देठाजवळचे मणी पांढरे पडतात. वायू आधीच संपल्यामुळे शेवटच्या आठवड्यात बुरशीला मोकळं रान मिळतं. रॉटरडॅमला दार उघडल्यावर पांढरे डागही दिसतात आणि बुरशीही. खरेदीदार शिपिंग लाइनला दोष देतो, लाइन कंटेनरमधलं तापमान नोंदवणाऱ्या डेटा लॉगरचा आलेख पुढे करते. परत येणाऱ्या हवेचं तापमान पहिले दोन-तीन दिवस खाली यायला तयार नाही असं त्या आलेखात दिसलं, की माल गरम भरला होता हे लपत नाही. मग नुकसानभरपाईचा क्लेम उभा राहत नाही, आणि पैसे जातात ते शेवटी शेतकऱ्याचे.

म्हणून लोडिंगला प्रोब थर्मामीटर हातात घेऊन उभे राहा. वेगवेगळ्या पॅलेटमधले, त्यातही मधल्या खोक्यांतले मणी टोचून गराचं तापमान बघा आणि लिहून ठेवा. खोलीचं तापमान आणि फळाचं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाई असली की माणसं पहिला आकडा दुसऱ्याच्या रकान्यात लिहितात. तुम्ही लिहू नका. गाडी थांबली, मुकादम ओरडला, एक्सपोर्टरचा फोन आला, तरी नाही.

लोडिंगच्या आणखी दोन-तीन गोष्टी. रीफरमध्ये गार हवा खालून येते. जमिनीवर टी आकाराच्या पट्ट्या असतात, त्यांच्यामधून ती दारापर्यंत जाते, मालातून वर चढते आणि छताखालून मशीनकडे परत येते. भिंतीवरच्या लाल रेघेच्या वर माल गेला, की परतीची वाट बंद. दाराजवळ जमीन उघडी राहिली, तर हवा सोपा रस्ता धरून तिथूनच वर जाते आणि मालातून फिरतच नाही. तो भाग पुठ्ठ्याने झाकायचा. दारं उघडी असताना मशीन बंद ठेवायचं, नाहीतर बाहेरची दमट हवा आत खेचली जाते आणि कॉइलवर बर्फ धरतो.

फ्रोझन मालाचा हिशेब उलटा आहे. कोळंबी, मासे, गोठवलेलं मांस किंवा आंब्याचा गोठवलेला गर जिवंत नसतो, स्वतः उष्णता तयार करत नाही. त्यामुळे हवा मालातून नव्हे, मालाभोवतीने फिरली पाहिजे. खोकी एकमेकांना घट्ट चिकटवून लावायची, व्हेंट, म्हणजे बाहेरची ताजी हवा घेणारी झडप, पूर्ण बंद, आणि सेट पॉइंट, म्हणजे मशीनवर लावलेलं तापमान, उणे १८ किंवा खरेदीदार सांगेल तो. ताज्या फळाला मात्र व्हेंट उघडावं लागतं, कारण कार्बन डायऑक्साइड आणि एथिलीन बाहेर गेले पाहिजेत. करमाळा-कंदरच्या बाजूची केळी आखाताकडे जातात ती १३ ते १३.५ अंशांवर. कुणी दयाळूपणे जास्त गारवा दिला, तर साल करडी पडते आणि ते केळं नंतर नीट पिकत नाही. जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत या धंद्यात फार महाग पडते.

आता टेबलावरचं काम. बुकिंगमध्ये तापमान लिहिताना उणे चिन्ह आणि सेल्सियस हे दोन्ही अक्षरात लिहा. नुसतं चिन्ह फॉरवर्ड होत होत कधी गळून पडेल सांगता येत नाही. उणे १८ आणि अधिक १८ यांत एका पूर्ण कंटेनरचा फरक आहे. व्हेंटचा आकडा घनमीटर प्रतितास आहे की टक्के, तेही स्पष्ट लिहा. रिकामा कंटेनर उचलताना त्याची पीटीआय, म्हणजे प्रवासाआधीची तपासणी, झाल्याचा कागद मागा. गाडीला जेनसेट, म्हणजे रस्त्यात रीफरला वीज देणारा जनरेटर, आहे का आणि त्यात डिझेल किती, हे ड्रायव्हरशी बोलून घ्या. कसारा घाट आणि भिवंडीच्या अलीकडची कोंडी हे या रस्त्याचं रोजचं वास्तव आहे. शिपिंग बिल (कस्टमचा निर्यात कागद), फायटो (मालात कीड-रोग नसल्याचं प्रमाणपत्र), ॲगमार्कचं दर्जाचं प्रमाणपत्र, व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन) हे सगळं कट-ऑफच्या, म्हणजे जहाजासाठी ठरलेल्या शेवटच्या वेळेच्या, आत लागतं. यात कठीण काही नाही, पण विसरलेलं चालत नाही.

द्राक्षासाठी ‘ग्रेपनेट’ नीट समजून घ्या. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्र सरकारी संस्थेने २००६ मध्ये ही प्रणाली सुरू केली. खोक्यावरच्या माहितीवरून थेट नोंदणी केलेल्या बागेपर्यंत मागे जाता येतं. तिची खरी किंमत २०१० ने शिकवली. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला, माल अडकला आणि नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांनी फार सोसलं. तेव्हापासून प्रयोगशाळेच्या अहवालाकडे मी औपचारिकता म्हणून बघू शकत नाही. नमुना कोणत्या प्लॉटचा आणि पॅकहाउसला आलेला माल कोणत्या प्लॉटचा, हे जुळवणं कंटाळवाणं आहे. ते रोज करायचं.

समुद्राचं काही आपल्या हातात नसतं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि पुढच्या हंगामात लाइन्सनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला. युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. तेवढ्या वाढीव दिवसांसाठी कोणत्या बागेचा माल टिकेल, ग्रेपगार्ड कोणता लावायचा, कोणता प्लॉट युरोपला न पाठवता आखाताला द्यायचा, हे निर्णय पॅकहाउसवर बसून झाले. ज्यांनी फळ हाताळलं होतं, त्यांनाच त्या बैठकीत बोलता आलं.

कामाचे मार्ग अनेक आहेत. आयटीआयला रेफ्रिजरेशन-एसी केलेल्यांना रीफर टेक्निशियन म्हणून बंदरात आणि कंटेनर यार्डात काम मिळतं. हे कसब जगातल्या कुठल्याही बंदरात चालतं, आणि आपली मुलं त्याकडे फारशी बघत नाहीत याचं मला वाईट वाटतं. ॲग्री किंवा फूड टेकवाल्यांनी क्वालिटी कंट्रोलमधून यावं, पुढे सर्व्हेअरचं, म्हणजे मालाच्या नुकसानीची पाहणी करण्याचं, काम करता येतं. कॉमर्सवाल्यांना सीएचएचं ऑफिस बरं, कस्टम ब्रोकरच्या परीक्षा देत वर जाता येतं. मुलींनी क्वालिटी कंट्रोलला जरूर यावं. फक्त रात्रीच्या लोडिंगला जाण्या-येण्याची सोय काय, हे मुलाखतीतच विचारावं आणि गोलमोल उत्तर मिळालं तर दुसरीकडे बघावं. हंगामात रात्री-अपरात्री काम चालतं, सुट्टी नसते, आणि सुरुवातीचा पगार थोडा असतो.

पॅकहाउसची भरती हंगाम सुरू झाल्यावर बघू असं म्हणू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच निफाड, दिंडोरी, ओझर, पिंपळगावकडे एक चक्कर मारा आणि दोन-चार पॅकहाउसच्या मॅनेजरना प्रत्यक्ष भेटा. बायोडेटा ईमेल करून उत्तर येतंच असं नाही. जाताना विचारायचा एक प्रश्न घेऊन जा: प्रीकूलिंगमधून माल काढताना तुम्ही तापमान कुठे मोजता? जो मॅनेजर तुम्हाला खोलीत नेऊन मधलं खोकं उघडून दाखवेल, त्याच्याकडे पगार थोडा कमी असला तरी राहा.