दोन खंडांतील शहरांमधले हवाई अंतर कसे काढावे

सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले अंतर बहुधा फसवते, कारण गोलावरील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्ताच्या (पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाच्या) कमानीवरून जातो. म्हणून प्रथम दोन्ही शहरांचे अक्षांश व रेखांश दशांश अंशांत लिहून घ्यावेत. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश ऋण धरावेत, कारण बहुतेक चुका याच चिन्हांत होतात. मग दोन्ही अक्षांशांच्या ‘ज्या’ (साइन) घेऊन त्यांचा गुणाकार करावा आणि त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोज्या (कोसाइन) व रेखांशांतील फरकाची कोज्या यांचा गुणाकार मिळवावा. ही बेरीज ज्या कोनाची कोज्या असते, तो कोन अंशांत काढून त्याला १११.२ ने गुणले की किलोमीटर मिळतात.

लंडन (५१.५, −०.१) आणि न्यूयॉर्क (४०.७, −७४.०) घेतल्यास कोन सुमारे ५०.१ अंश, म्हणजे अंतर साधारण ५,५७० किलोमीटर येते. नाविक मैल हवे असतील तर १.८५२ ने भागावे. प्रत्यक्ष उड्डाण मात्र याहून थोडे लांब पडते, कारण वैमानिकांना वाऱ्यांचे झोत, वादळे आणि बंद हवाई हद्दी पाहून वळसा घ्यावा लागतो.