ल्युकेमियातील जनुक-अभिव्यक्ती मोजताना तुलना कोणत्या पेशींशी करावी

तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या नमुन्यात एखादे जनुक निरोगी अस्थिमज्जेपेक्षा तीस पट अधिक व्यक्त झालेले (म्हणजे त्याच्या आरएनए-प्रती तितक्या जास्त) दिसले, की ते कर्करोगाचेच जनुक आहे असे मानण्याचा मोह होतो. हा निष्कर्ष अनेकदा घाईचा ठरतो. निरोगी मज्जेत सीडी३४ ही खूण असलेल्या आद्य पेशी शंभरात एखाद-दोनच असतात, खऱ्या रक्तमूळपेशी त्याहूनही कितीतरी विरळ असतात आणि बाकीचा सारा भरणा पक्व होत चाललेल्या पेशींचा असतो. त्यामुळे अख्ख्या मज्जेशी तुलना केल्यास आजाराऐवजी पेशींचे कोवळेपणच मोजले जाते.

म्हणून तुलनेसाठी निरोगी दात्याच्या मज्जेतून चुंबकीय मण्यांच्या साहाय्याने सीडी३४ पेशी वेगळ्या कराव्यात आणि त्यांची शुद्धता फ्लो सायटोमेट्रीने (पेशींवरील खुणा एकेक करून मोजणाऱ्या तंत्राने) तपासावी. नाळेच्या रक्तातील पेशी मिळवणे सोपे असते, पण त्यांचे वय आणि विभाजनाची अवस्था निराळी असल्याने शक्यतो मज्जाच वापरावी, असे माझे मत आहे. नमुना ईडीटीए या गोठणरोधकाच्या नळीत घ्यावा, कारण हेपॅरिन हे दुसरे गोठणरोधक पीसीआरमधील (जनुकाच्या प्रती वाढवून मोजण्याच्या पद्धतीतील) विकराच्या कामात अडथळा आणते. रुग्णाच्या नमुन्यात ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपक्व) पेशी किती टक्के आहेत हेही नोंदवावे. त्या तीस टक्केच असतील, तर उरलेल्या पेशींचा आरएनए त्यांच्यात मिसळून आकडा फसवा होतो.

आरएनए काढल्यावर डीएनएज या विकराने उरलेला डीएनए नष्ट करावा, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराने आरएनएची डीएनए-प्रत म्हणजे सीडीएनए तयार करावा आणि डीएनए उरला नाही ना हे कळावे म्हणून प्रत्येक संचात हे दुसरे विकर न घातलेली एक नळी ठेवावी. संदर्भ जनुक, म्हणजे ज्याच्या तुलनेत इतर जनुके मोजायची ते, म्हणून एबीएल१ घेण्याचा प्रघात आहे. मात्र ते रुग्णाच्या आणि निरोगी अशा दोन्ही प्रकारच्या पेशींत सारखेच व्यक्त होते याची खात्री स्वतः करून घ्यावी.

आता समजा, होक्सए९ या जनुकाचे सीटी मूल्य (संकेत दिसू लागेपर्यंत लागलेल्या पीसीआर-फेऱ्या; प्रती जितक्या जास्त तितके हे मूल्य कमी) एबीएल१पेक्षा रुग्णाच्या पेशींत २ने, अख्ख्या निरोगी मज्जेत ७ने आणि निरोगी सीडी३४ पेशींत ३ने अधिक आले. दोन्ही जनुकांची पीसीआर-कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या जवळ असेल, तर सीटीतला एकाचा फरक म्हणजे दुप्पट. म्हणजे मज्जेच्या तुलनेत वाढ ३२ पट, तर सीडी३४ पेशींच्या तुलनेत केवळ २ पट. नमुना तोच, मोजणी तीच, आणि तरी अर्थ पूर्ण बदलला.

याचा अर्थ होक्सए९ निरुपद्रवी आहे असा मुळीच नव्हे. निरोगी मूळपेशीत ते आवश्यक असते आणि पेशी पक्व होताना मंदावते. एमएलएल जनुकाची पुनर्रचना झालेल्या ल्युकेमियात मात्र ते मंदावतच नाही. एनपीएम१ जनुकात उत्परिवर्तन (बदल) झालेल्या ल्युकेमियात तर पुष्कळदा ब्लास्टवर सीडी३४ नसतानाही ते चढेच राहते. म्हणून पक्वतेच्या एकाहून अधिक टप्प्यांवरील निरोगी पेशी सोबत मोजाव्यात आणि रुग्णाचा आकडा त्या चढ-उतारावर ठेवून वाचावा.

ल्युकेमियात मोजल्या जाणाऱ्या डब्ल्यूटी१ या दुसऱ्या जनुकाच्या बाबतीतही निरोगी माणसात शून्य अपेक्षू नये. २००९ साली युरोपीय गटाने प्रमाणित केलेल्या चाचणीत एबीएल१च्या दर १०,००० प्रतींमागे मज्जेत २५० आणि रक्तात ५० डब्ल्यूटी१-प्रती ही निरोगी माणसातील वरची मर्यादा धरली आहे. मज्जेची मर्यादा रक्ताच्या नमुन्याला लावू नये, आणि अहवालात आकड्याशेजारी नमुना कोणता होता व तुलनेच्या पेशी कुठल्या होत्या, हे अवश्य लिहावे.