युरोपात सॅक पाठीवर असताना: घोळ निस्तरणं आणि अनोळखी माणसांशी ओळख

पासपोर्ट हरवला तर आधी पोलीस ठाणं गाठा, वकिलात त्यानंतर. तक्रारीची शिक्क्याची प्रत नसेल तर पुढचं काम अडतं. इटलीत आणि स्पेनमध्ये ही तक्रार ‘देनुन्चा’ किंवा ‘देनुन्सिया’ या शब्दाने मागा, लगेच कळतं. जर्मनीत बर्लिनला आपली वकिलात आहे आणि फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गला वाणिज्य दूतावास (कॉन्सुलेट) आहेत. इटलीत रोम आणि मिलान. तिथे मिळणारं ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ फक्त भारतात परतण्यापुरतं, तेही एकदाच, चालतं. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा हरवलेल्या पासपोर्टमध्येच चिकटवलेला होता, म्हणून प्राग-व्हिएन्नाचा बेत तिथेच सोडायचा. नवा पासपोर्ट मिळेपर्यंत थांबण्यापेक्षा बहुतेकांसाठी परतणंच शहाणपणाचं, आणि तिकीट शक्यतो थेट भारताचं घ्यावं.

म्हणून निघण्यापूर्वी पासपोर्टची पहिली-शेवटची पानं आणि व्हिसाचं पान यांच्या कागदी प्रती पासपोर्टपासून वेगळ्या ठेवा, फोटो स्वतःलाच ईमेल करा. पासपोर्टसाठी चालणारे 4 फोटो सोबत असू द्या. दोन कार्डं कधीही एका पाकिटात नकोत. भारतीय सिमचं इंटरनॅशनल रोमिंग चालू करूनच निघा. ओटीपी आला नाही तर कार्ड खिशात असूनही उपयोग नाही.

खिसेकापू गर्दीपेक्षा गोंधळ शोधतात. पॅरिस मेट्रोची 1 नंबरची लाइन आणि रोममध्ये तेर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस यांसाठी बदनाम आहेत. दार बंद होता होता हातातला मोबाइल हिसकावून बाहेर उडी मारणं ही ठरलेली पद्धत, म्हणून दारालगत उभं राहून नकाशा बघू नये. डब्यात सॅक पोटावर घ्यावी. 112 हा आणीबाणीचा नंबर युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे चालतो.

तिकीट काढलं म्हणजे झालं, असं समजू नका. बर्लिन, प्राग, बुडापेस्टला आणि इटलीच्या प्रादेशिक गाड्यांसाठी कागदी तिकिटावर यंत्रातून शिक्का मारावा लागतो. शिक्का नसेल तर तपासनीस दंड करतो. बर्लिनमध्ये 60 युरो.

गाडी चुकण्याचं खरं दुखणं म्हणजे वेगवेगळी तिकिटं. एकाच तिकिटावर पुढची गाडी असेल आणि 60 मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर अपेक्षित असेल, तर पैसे परत किंवा दुसरी गाडी हा हक्क आहे. प्रवास केलाच, तर 60 ते 119 मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या 25 टक्के आणि 120 मिनिटांपासून पुढे 50 टक्के भरपाई मिळते. उशिराचं कारण अपवादात्मक असेल तर रेल्वेला भरपाईतून सूट असते. अर्ज 3 महिन्यांच्या आत करायचा. तिकीट आणि उशिराच्या फलकाचा फोटो जपून ठेवा. काही गाड्या वाटेत दुभंगतात, अर्धे डबे दुसऱ्याच गावी जातात. बसण्यापूर्वी डब्यावरचं नाव वाचा.

अशा मोकळ्या पडलेल्या दोन तासांत हॉटेलच्या खोलीत बसू नका. म्युनिकमध्ये असाल तर फिक्टुआलिएनमार्क्ट या बाजारातली बिअर गार्डन गाठा. टेबलक्लॉथ नसलेल्या लांब टेबलांवर आपलं खाणं नेता येतं, फक्त पेय तिथलं घ्यायचं. मद्य नको असेल तर ‘श्पेत्सी’ मागा, म्हणजे कोला आणि संत्र्याचं मिश्रण. शाकाहाऱ्यांना ब्रेत्सन (वेढ्याचा खारा पाव) आणि ओबात्स्टर चीज पुरतं. रिकामी जागा दिसली की विचारा, ‘इस्ट हिअर नॉख फ्राय?’ म्हणजे इथे जागा मोकळी आहे का. होकार येतो आणि गप्पा तिथूनच सुरू होतात. ‘श्टामटिश’ अशी पाटी असेल तर मात्र बसू नका, ते नेहमीच्या गिऱ्हाइकांचं टेबल असतं. चिअर्सला ‘प्रोस्ट’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं.

पॅरिसमध्ये दुकानात शिरताच ‘बोंझूर’ म्हणा, मगच प्रश्न विचारा. नाहीतर उत्तर रुक्ष मिळतं. व्हिएन्नाच्या स्टाट्सओपर या ऑपेरागृहात उभ्याने बघायची स्वस्त तिकिटं असतात. आत गेल्यावर कठड्याला स्कार्फ बांधून जागा राखायची आणि पडदा उघडेपर्यंत शेजाऱ्याला विचारायचं की आज कोण गाणार आहे.