जत्रेच्या पोटातला धंदा: पहिल्यांदा डीएम होणाऱ्यांसाठी

कल्पित जगातली फिरती जत्रा आणि तिच्या आडून चालणारा काळा धंदा, हा विषय डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नव्या डीएमला, म्हणजे डंजन मास्टरला, पहिल्या झटक्यात भुरळ घालतो. नांदेडला आमच्या गटात जो कोणी नव्यानं खेळ चालवायला बसतो, तो बहुतेक वेळा हाच घेऊन येतो. वहीत सगळं असतं: हवेत तरंगणारा आकाशपाळणा, मुखवटेवाला मालक, बोलणारं अस्वल, भविष्य सांगणारी म्हातारी. धंदा कसला आहे विचारलं की उत्तर येतं, "तस्करी." कशाची? "ते बघू पुढं."

तेच आधी बघायचं असतं. बाकी सगळं पुढं बघितलं तरी चालतं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली निघाला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला. टेबलाभोवती चार-पाच जण, प्रत्येकाचं एक पात्र, आणि एक जण डीएम. उरलेलं अख्खं जग तो चालवतो: पाटील, चोर, हत्ती, पाऊस, सगळं. काही जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पुस्तकं महाग आहेत म्हणून थांबू नका. नियमांचा गाभा, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला आहे. श्रेय दिलं की तुम्ही तो मराठीत उतरवून वाटूही शकता.

आता जत्रा. इथं मराठवाड्यातल्या माणसाला जे फुकटात मिळालंय ते पुण्या-मुंबईच्या डीएमला पैसे मोजून मिळणार नाही. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवसवारीनं सुरू होते, म्हणजे अमावास्येच्या तोंडावर, ऐन थंडीत. घोडे, गाढवं, उंट, बैल, कुत्री, सगळ्यांचा बाजार. तमाशाचे फड, लावणी, पाळणे, मौत का कुआँ. आपण लहानपणापासून तिथं भंडारा उधळून आणि रेवड्या खाऊन परत येतो. डीएम म्हणून जाल तेव्हा पाळण्याकडं पाठ करा आणि जागेची पावती कोण फाडतं ते बघा. पाण्याचा टँकर कुणाच्या शब्दावर येतो, दिव्याची वायर कुणाच्या तंबूतून पुढं जाते, रात्री दोन वाजता कोण जागं असतं, पाल सगळ्यात आधी कोण मोडतं. तुमच्या जत्रेतला गुन्हा याच फटींमधून जाणार आहे.

आणि जनावरांच्या बाजारात उभं राहून हेड्याचा, म्हणजे जनावरांच्या दलालाचा, सौदा बघा. घेणाऱ्याचा हात तो हातात घेतो, वर उपरणं टाकतो, आणि तोंडानं बैलाची तारीफ चालू ठेवतो. आकडा बोटांवर ठरत असतो. भोवती पन्नास माणसं उभी असतात, पण भाव फक्त दोघांना कळतो. पटलं नाही की हात झटकला जातो, परत धरला जातो. मध्येच कुणी वय कळावं म्हणून बैलाचं तोंड उघडून दात बघतं: आदत आहे, चौसा आहे की जुळलेला. दात घासून जुनं जनावर तरणं म्हणून खपवणारेही असतात, म्हणून बघणारा हिरडीवरून अंगठा फिरवून बघतो.

हे जसंच्या तसं टेबलावर आणता येतं. मी एक नॅपकिन जवळ ठेवतो. चोरबाजारातल्या माणसाशी व्यवहार करायचा असेल तर त्या खेळाडूनं हात पुढं करायचा, मी नॅपकिन टाकणार, आणि आकडा बोटं दाबूनच ठरणार. बाकीच्यांना फक्त आमची तोंडं दिसतात. एरवी मोबाइल बघणारी पोरंसुद्धा त्या वेळी श्वास रोखून बसतात, कारण आपल्या माणसानं नक्की कितीला आणि कशाला होकार दिला हे त्यांना कळलेलं नसतं. मन वळवायचा फासा टाकून "पर्सुएशन सतरा" म्हणण्यात ही गंमत येत नाही.

धंदा ठरवताना एकच प्रश्न विचारा: हा धंदा जत्रेलाच का जमतो? दुकानदाराला, सावकाराला, डाकूला का नाही? फिरत्या जत्रेजवळ तीन गोष्टी असतात. रोख पैसा, ज्याचा हिशेब कुणी मागत नाही. अनोळखी तोंडं, ज्यांच्याबद्दल कुणाला आश्चर्य वाटत नाही. आणि सीमा ओलांडायचं रोजचं निमित्त. तिसरी गोष्ट नवे डीएम विसरतात. आपल्या आजोबांच्या पिढीला ती सांगावी लागली नसती. निजामाच्या राज्याला स्वतःची जकात होती, करोडगिरी म्हणायचे तिला, आणि स्वतःचं नाणंही होतं. निजामाचे साधारण ७ हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे ६ कलदार. सीमेवरच्या गावाला दोन्ही नाणी ओळखावी लागायची आणि नाक्यावरचा माणूसही ओळखावा लागायचा. असं एक नाकं आणि अशी दोन नाणी तुमच्या कल्पित मुलखात टाका, अर्धी कथा तिथंच उभी राहते.

माझा मुलूख सात गढ्यांचा. प्रत्येक गढीचं नाणं वेगळं, नाकं वेगळं. त्यातून फिरतो नवरंग मेळा. मेळ्यात आरसेमहाल आहे, आणि त्यात शिरणारा माणूस बाहेर येतो तेव्हा त्याची सावली आत राहिलेली असते. मेळा सावल्या विकतो. गिऱ्हाईक म्हणजे गढीवाले, कारण सावलीला पहाऱ्यावर ठेवलं तर पगार लागत नाही, भाकरी लागत नाही आणि ती झोपत नाही. ज्याची सावली गेली तो मरत नाही, फक्त त्याला घरचा रस्ता आठवत नाही. मग तो मेळ्याबरोबरच फिरतो, तंबू ओढतो, खुंट्या ठोकतो. म्हणजे एकाच चोरीत माल मिळाला आणि मजूरही मिळाला. धंदा असा स्वतःच्या पायावर फिरायला लागला की डीएमला सुचत नाही असं होतच नाही. खेळाडू कुठंही शिरोत, तिथं काय चाललं असेल हे तुम्हाला आपोआप कळतं.

सावल्या नाक्यावरून जातात कशा? कारकून डोकी मोजतो: माणसं किती, बैल किती, हत्ती एक. सावल्या कुणी मोजत नाही. चोरलेल्या सावल्या हत्तीच्या पोटाखाली, त्याच्या सावलीत दडवलेल्या असतात, आणि सावल्या सगळ्यात आखूड होतात भर दुपारी. म्हणून मेळा सीमा ओलांडतो तो नेहमी उन्हाच्या तडाख्यात, बाराच्या ठोक्याला.

हा माझा सगळ्यात आवडता धागा, आणि तो मी मुद्दाम कुठल्याही फाशावर ठेवला नव्हता. वर्णनात नुसतं सांगून टाकलं की मेळा दुपारी नाक्यावर येतो. आमच्यातली एक जण शेतकऱ्याच्या घरातली. बाकीचे तलवारींच्या किमती विचारत होते, ही म्हणाली, "थांबा. उन्हाळ्यात बारा वाजता बैल कोण जुंपतं? हा माणूस एक तर येडा हाय नाहीतर चोर हाय. मी ह्याला सोडत नसते." मग ती हत्तीपाशी गेली. हत्तीच्या सावलीला पाय पाच होते.

खेळाडूंना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीवर धागा ठेवला की तो सापडतो. पुस्तकातल्या उत्तरेकडच्या बर्फाळ गावातला धागा आपल्या पोरांना सापडणार नाही, त्यात त्यांची चूक काही नाही. दुसरा धागा मी वहीत ठेवला होता. एका जुन्या कागदावर मेळ्याचा रोजचा गल्ला लिहून हातात दिला: पाळणा इतके, गारुडी इतके, कुस्त्या इतके, आणि आरसेमहालापुढं रेघ. तिकीटच नाही. जत्रेत फुकट काय असतं? देवाचं दर्शन आणि धूळ. शिवाय हत्तीचा चारा एकट्या गल्ल्यात बसत नव्हता, आणि तो घेतला होता भलत्याच गढीच्या नाण्यात. आमच्यातला बँकेत नोकरी करणारा त्या कागदाला चिकटला तो उठलाच नाही.

एसआरडीप्रमाणे सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २० असा आकडा गाठावा लागतो. नवा डीएम सगळ्यात मोठं रहस्य २० मागं लपवतो. मग चौघांचे फासे पडतात, चौघेही हुकतात, आणि खेळ तिथंच बसतो. गुन्हा चाललाय हे फुकट कळू द्या. तो कोण करतंय, कुणाच्या जोरावर, पकडलं तर कोण बुडेल, यासाठी फासे टाका. आणि मोठी गोष्ट निदान तीन ठिकाणाहून कळेल अशी सोय ठेवा, कारण दोन ठिकाणी खेळाडू जाणारच नाहीत. ते अस्वलाशी गप्पा मारत बसतील.

खलनायकाबद्दल. मुखवटेवाला मालक मी ठेवला, पण तो नुसता गादीवर बसतो. खरं काम मुकादमाचं. बीड-धारूरच्या माणसाला हे फोडून सांगायची गरज नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी जोडी मुकादमाकडून उचल घेते, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि उचल फिटेस्तोवर पाय अडकलेला असतो. मुकादमानंही ती उचल वरून घेतलेली असते, मजूर पळाला तर त्याची मान अडकते. माझ्या मेळ्यातला मुकादम असाच आहे. त्याची स्वतःची सावली मालकाकडं गहाण आहे. खेळाडूंनी त्याला धरला, झोडायला काठी उचलली, आणि पायाखाली बघितलं. त्यानंतर तासभर आमच्यात जे भांडण झालं ते मला लिहून काढता आलं नसतं. एक म्हणत होता ह्याला पहिला लटकवा, दुसरा म्हणत होता ह्याचं कर्ज आपण फेडू.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, आणि इथं मी ऐकून घेणार नाही. जत्रेतले भटके लोक मुळातच चोर, असं जग रचू नका. परदेशी कल्पित कथांमध्ये गाडीतून फिरणारी जमात आणि खिसेकापू हे समीकरण इतकं रुळलंय की नवे डीएम ते डोळे झाकून उचलतात. आपल्याकडं ही गोष्ट कल्पित नव्हती. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो डाग कायद्यातून पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, आणि लोकांच्या डोक्यातून अजून पुरता गेलेला नाही. माळेगावला ज्यांची पालं पडतात त्यांची लेकरं तुमच्या टेबलावरही बसू शकतात. आमच्याकडं बसतात. गुन्हा धंद्यात ठेवा, कर्जात ठेवा, गढीवाल्याच्या हव्यासात ठेवा, रक्तात ठेवू नका. कथेलाही तेच परवडतं, कारण जो जन्मतः चोर आहे त्याला विचारण्यासारखं काही उरत नाही.

मराठीत चालवायचं की इंग्रजीत हे सारखं विचारतात. पात्रं मराठीत बोलतात, आकडेमोड इंग्रजीत होते, कुणाचं काही अडत नाही. पुढं चला.

शेवटचा प्रसंग असा येईल की तुम्ही गांगराल, म्हणून आधी सांगून ठेवतो. धंदा नीट रचला असेल तर खेळाडूंपैकी एकाला तरी तो आवडेल. तो म्हणेल, "मेळा मोडायचा कशाला? आपणच चालवू की." आमच्याकडं बँकवालाच म्हणाला. त्याला नियम दाखवून अडवू नका, डोळेही वटारू नका. गादी द्या. पुढच्या रविवारी त्याच्यासमोर वही ठेवा: हत्तीचा चारा इतका, नाक्यावरच्या कारकुनाचा हप्ता इतका, गढीवाल्याला अमावास्येपर्यंत वीस सावल्या हव्यात आणि इसार घेऊन झालाय. आरसेमहालाच्या दारात रांग लागली आहे. मग नॅपकिन काढा, त्याचा हात मागा, आणि उरलेल्यांना फासे वाटा. आता ते त्याच्या मेळ्यात चोरून शिरणार आहेत, आणि सगळे धागे त्यांना आधीपासून ठाऊक आहेत.