वर्गात खरोखर किती जण? कॉलेजातले शिक्षक आणि वर्गसंख्या मोजण्याची रीत

‘वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक’ असं माहितीपत्रकात वाचलं की वर्गात वीसच जण बसत असतील असं वाटतं. तसं नसतं. विद्यार्थी आठवड्याला २० तास वर्गात बसतो आणि शिक्षक १६ तास शिकवतो, असं धरलं तर सरासरी वर्ग २० × २० ÷ १६, म्हणजे २५ जणांचा होतो. तोच शिक्षक नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली आणि परीक्षेच्या कामात अडकून १० तासच वर्गावर गेला, तर सरासरी ४० वर जाते. शिक्षक तेवढेच, मुलं तेवढीच, प्रमाणही तेच. म्हणून मोजणी हजेरीपटावरून नव्हे, वेळापत्रकावरून सुरू करायची.

विभागप्रमुखाने कागदावर चार रकाने आखावेत: पेपर, विद्यार्थी, व्याख्यानाचे तास, प्रात्यक्षिकाचे तास. गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम लागू झाला, त्यामुळे हिशेब क्रेडिटवर चालतो. सत्र १५ आठवड्यांचं. व्याख्यानाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, आठवड्याला एक. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, आठवड्याला दोन. व्याख्यानाचे तीन अधिक प्रात्यक्षिकाचं एक अशा क्रेडिटांचा पेपर विद्यार्थ्याला आठवड्याला पाच तासांचा पडतो. शिक्षकांना तो किती तासांचा पडेल हे प्रात्यक्षिकासाठी मुलांचे किती गट, म्हणजे बॅच, पडतात यावर ठरतं, आणि नेमकं इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

समजा रसायनशास्त्र विभागात विषम सत्र चालू आहे आणि प्रात्यक्षिकाची बॅच २० जणांची आहे. एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, मेजरचा (मुख्य विषयाचा) एक पेपर, ७२ विद्यार्थी: व्याख्यान ३ तास, चार बॅचचे ८, एकूण ११. दुसऱ्या विभागांतून मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून घेतलेले ४५ जण: ३ अधिक ६, म्हणजे ९. बहुविद्याशाखीय पेपर, नुसती व्याख्यानं: ३. एसवायला ३४ विद्यार्थी आणि दोन पेपर, प्रत्येकी दोन बॅच: १४. टीवायला १८ विद्यार्थी, तीन पेपर, एकच बॅच: १५. बेरीज ५२ तास.

आता शिक्षक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला असिस्टंट प्रोफेसरला १६ तास, असोसिएट प्रोफेसर आणि प्रोफेसर यांना १४ तास. सगळे असिस्टंट धरले तर ५२ ÷ १६ = ३.२५. एक असोसिएट असेल तर त्याचे १४ तास आधी वजा करा. उरलेल्या ३८ ला १६ ने भागून २.३८, अधिक तो एक, म्हणजे ३.३८. प्रात्यक्षिकाचा तास पूर्ण धरायचा की अर्धा, हे कॉलेजला लागू असलेल्या आदेशात वाचूनच ठरवा. वरच्या ५२ तासांत २८ तास प्रात्यक्षिकांचे आहेत. ते अर्धे धरले तर कार्यभार ३८ तासांवर येतो आणि शिक्षक लागतात २.३८. म्हणजे एका ओळीच्या अर्थावर जवळजवळ अख्खं पद उभं असतं! पर्वरीला उच्च शिक्षण संचालनालयाकडे पदांचा प्रस्ताव पाठवताना कुठला नियम धरला ते पहिल्याच पानावर लिहावं, नाहीतर फाईल शेऱ्यासकट परत येते.

कार्यभार सरळ रेषेत वाढत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. एफवायला ७२ चे ८० झाले तरी बॅच चारच. ८१ वा विद्यार्थी आला की पाचवी बॅच आणि दोन तास जास्त. प्रवेश देताना ८० आणि ८१ मधला हा फरक ऑफिसला दिसत नाही, प्रयोगशाळेत लगेच दिसतो.

शिक्षकांची डोकी मोजू नयेत, तास मोजावेत. कायम शिक्षक एक. पूर्णवेळ कंत्राटी एक. लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाच्या हिशेबाने पैसे घेऊन, आठवड्याला चार तास घेणारा पाव. दोन कायम, एक कंत्राटी आणि असा एक जण असला की कागदावर चार नावं दिसतात, शिक्षक असतात ३.२५. लेक्चर बेसिसवाला दोन कॉलेजांत शिकवत असेल तर दोन्हीकडे तो ‘एक’ म्हणून मोजला जातो; असे एकाचे दोन होतात. ग्रंथपाल आणि क्रीडा संचालक यांची वेतनश्रेणी शिक्षकाच्या तोडीची असली तरी त्यांना या बेरजेत घेऊ नये. प्राचार्यांचे तास ते खरोखर वर्गावर जात असतील तेवढेच. प्रतिनियुक्तीवर किंवा दीर्घ रजेवर गेलेल्याचं पद मंजूर यादीत राहतं, पण तास शून्य. आवारात हायर सेकंडरी असेल तर तिथले शिक्षक वेगळे काढा.

कंत्राटावर किती चालवता येईल यालाही मर्यादा आहे: त्याच २०१८ च्या नियमांत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांवर जाऊ नयेत असं म्हटलं आहे. मंजूर पदं, भरलेली पदं आणि कंत्राटी पदं असे तीन आकडे शेजारी मांडले की प्रस्तावाला वेगळा युक्तिवाद लागत नाही.

विद्यार्थीसंख्या जुलैची घेऊ नका. विज्ञान शाखेत इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंगच्या फेऱ्या संपेपर्यंत मुलं जात राहतात. गळती थांबल्यावरचा आकडा धरा आणि त्यावर तारीख लिहा. विषम आणि सम सत्राचा हिशेब वेगवेगळा करा, कारण एका सत्रात १६ तास भरणाऱ्या शिक्षकाला दुसऱ्या सत्रात ११ च मिळू शकतात. भाषेचे आणि मूल्यशिक्षणाचे सामाईक वर्ग दोन विभाग आपापल्या खात्यात धरतात. पेपर ज्याच्या नावे आहे त्यानेच ते मोजावेत. नव्या धोरणाच्या पहिल्या तुकडीचं चौथं, म्हणजे ऑनर्सचं, वर्ष २०२६-२७ मध्ये येतं. ऑनर्सला पाचच विद्यार्थी राहिले तरी व्याख्यानाचे तास पूर्णच लागतात. ते जुन्याच पदांवर ढकलले की भार एफवायवर पडतो, तिथे दोन तुकड्यांची एक होते.

आता सरासरी. ती दोन प्रकारे निघते आणि दोन्ही खऱ्या असतात. चार वर्ग घ्या: १२, १८, ३० आणि १०० जणांचे. कॉलेजची सरासरी ४०. पण १६० पैकी १०० जण शंभरच्याच वर्गात बसले आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याला ‘तुझ्या वर्गात किती?’ असं विचारून सरासरी काढली तर येते ७१. रीत अशी: प्रत्येक वर्गसंख्येला तिनेच गुणा, आलेल्या गुणाकारांची बेरीज करा, एकूण विद्यार्थ्यांनी भागा. इथे ११,३६८ ÷ १६०. अहवालात पहिला आकडा छापतात, पोराला दुसरा भोगावा लागतो. टीवायचे छोटे वर्ग सरासरी खाली ओढतात, म्हणून ती वर्षनिहाय काढलेली बरी.

प्रवेशाआधी चौकशीला गेलेल्या पालकांनी गुणोत्तर विचारू नये. एफवायचं वेळापत्रक बघायला मागावं, त्यातल्या सर्वांत मोठ्या वर्गात किती जण बसतात आणि तो पेपर शिकवणारा कायम आहे की लेक्चर बेसिसवर, एवढं विचारावं. त्यानंतर प्रयोगशाळेची बॅच कितीची, ते.