गोव्यात घर घेताना आणि विकताना: आधी वाडा, मग सह्या, मग दर

गोव्यात घराचा दर विचारला की बहुतेक दलाल गावाचे नाव घेऊन एक आकडा सांगतात: पर्वरीत इतका, ताळगावात इतका, फोंड्यात इतका. त्या आकड्यावर विसंबून निर्णय घेऊ नये, कारण आपल्याकडे गाव एक असले तरी बाजार वाड्यागणिक बदलतो. एकाच गावातला सड्यावरचा वाडा, देवळाजवळचा वाडा आणि खाजनाच्या (खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या) बांधाला लागून असलेला वाडा यांची पाण्याची, रस्त्याची आणि जमिनीच्या कागदांची परिस्थिती अगदी निराळी असते. म्हणून घेणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही दराआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत: त्या वाड्यात सध्या घरे कोण विकत घेत आहे, आणि समोरच्या घराच्या खरेदीखतावर कायद्याने किती जणांच्या सह्या लागणार आहेत.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. पर्वरीत विधानसभा संकुल आहे, उच्च न्यायालय आहे आणि मांडवी ओलांडली की पणजी आहे, त्यामुळे तिथला मुख्य ग्राहक नोकरदार असतो. तो रोजच्या प्रवासाचा विचार करूनच पैसे मोजतो आणि म्हणून महामार्गावरच्या उड्डाणपुलाच्या कामाकडे त्याचे बारीक लक्ष असते. ताळगाव आणि बांबोळी परिसरात गोवा विद्यापीठ आणि गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) यांमुळे भाडेकरू सहसा मिळतो, तेव्हा तिथल्या फ्लॅटची किंमत भाड्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहता येते. आसगाव, शिवोली, मयडे या बार्देशातल्या गावांत जुन्या कौलारू घरांना गोव्याबाहेरच्या, वर्षातले काही महिनेच राहणाऱ्या लोकांकडून मागणी आहे. तिथला दर स्थानिक पगाराशी जुळत नाही आणि तो दाखवून शेजारच्या गावातल्या घराची किंमत ठरवणे चुकीचे आहे. पेडण्यात मोपाचा विमानतळ 2022 च्या डिसेंबरात उद्घाटन होऊन पुढच्या महिन्यात सुरू झाला, तेव्हापासून तिथे घरापेक्षा जमिनीचे सौदे जास्त बोलले जातात. डिचोली आणि सत्तरीच्या खाणपट्ट्यात 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी थांबल्या. अशा गावात घर पाहताना खाण परत सुरू झाली तर ट्रकांचा रस्ता कुठून जाईल, हेही विचारावे.

फोंड्याबद्दल मला विशेष आस्था आहे, कारण आम्ही तिथलेच. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, बांदोडे या गावांत घर घेणारा माणूस बहुतेक वेळा राहण्यासाठीच घेतो, आणि फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, कुंडई आणि बेतोड्याच्या औद्योगिक वसाहती यांमुळे भाड्यालाही ओढ असते. किनारपट्टीसारखी झपाट्याची वाढ इथे अपेक्षू नये, पण स्वतः राहायचे असेल तर तीच गोष्ट ग्राहकाच्या फायद्याची आहे.

मग खरा दर कळायचा कसा? जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची अपेक्षा असते. त्याऐवजी त्या तालुक्याच्या सब-रजिस्ट्रार कार्यालयात शुल्क भरून नोंदणीची सूची पाहता येते, तीतून त्याच वाड्यातली वर्ष-दोन वर्षांतली खरेदीखते शोधावीत. सौद्याचा काही भाग रोखीने होऊन कागदावर किंमत कमी दाखवण्याची वाईट पद्धत काही ठिकाणी आहे, म्हणून तीन-चार व्यवहार एकत्र पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. मोजमापाकडेही लक्ष द्यावे. गोव्यात जमीन चौरस मीटरने विकली जाते आणि एक चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट. मुंबई-पुण्याचे नातेवाईक चौरस फुटाचा हिशेब मनात धरून बोलतात आणि त्यातून दोन्ही बाजूंचे गैरसमज होतात. फ्लॅट असेल तर सुपर बिल्टअप क्षेत्रावर दर न ठरवता चटई क्षेत्रावर काढावा. दोन फ्लॅटची तुलना त्याशिवाय होऊच शकत नाही.

घर पाहायला दोनदा जावे, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा जुलैत. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो का हे पाहावे, आणि नदी किंवा खाडी जवळ असेल तर पाणी तोंडात घेऊन पाहावे, कारण पावसाळ्यात गोड असलेली विहीर मे महिन्यात मचूळ झालेली मी पाहिली आहे. जुलैत मात्र दुपारच्या सरीनंतर अर्धा तास अंगणात थांबावे. पाणी कुठून येते, कुठे साचते आणि शेजाऱ्याच्या भाटात (बागायतीत) उतरते की आपल्या पायऱ्यांपाशी येते, हे तेव्हाच कळते. चिऱ्याच्या भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत हिरवट ओल असेल तर जोत्यातून पाणी चढते आहे, आणि हे काम रंगाने भागणारे नाही. छपराच्या वाशांना खिशातल्या चाकूचे टोक लावून पाहावे. ते सहज आत गेले तर वाळवीने आतून पोकळी केली आहे, आणि कौलांसह संपूर्ण छप्पर उतरवण्याचा खर्च किंमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. शेजारच्या घरी बसून चहा घ्यावा आणि घरापर्यंतची वाट कुणाच्या जमिनीतून येते ते विचारावे. ही वाट कागदावर नोंदलेली नसेल तर चारचाकी दारात येते हे पाहून समाधान मानू नये.

आता कागद. सर्वे क्रमांक आणि उपविभाग कळला की फॉर्म एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीचा, उतारा ऑनलाइनही पाहता येतो. त्यात कब्जेदाराचा रकाना सगळेच वाचतात, पण कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना जास्त काळजीने वाचावा. हा उतारा मालकीचा अंतिम पुरावा नाही. तो कब्जाविषयीचे एक गृहीतक देतो आणि विरुद्ध पुरावा आला की ते कोसळते. म्हणून वकिलाकडून किमान तीस वर्षांचा मालकीचा शोध घ्यावा आणि जुनी मालमत्ता असेल तर पोर्तुगीजकालीन डिस्क्रिप्सांव (मालमत्तेचे वर्णन), इन्स्क्रिप्सांव (मालकीची नोंद) आणि मात्रीस (करनोंद वही) यांतली नोंद मूळ दफ्तरातून काढून ताडून पाहावी. बनावट जुन्या कागदांवर जमिनी लाटल्याची प्रकरणे इतकी वाढली की 2022 साली सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर भागवणे म्हणजे आयुष्यभराची बचत पणाला लावणे आहे.

कुळाच्या किंवा इतर हक्कांच्या रकान्यात नाव दिसले तर तिथेच थांबावे. मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्याला, 1975 च्या कायद्याने संरक्षण आहे, भाटकाराने जमीन दुसऱ्याला विकली तरी त्याचा हक्क संपत नाही आणि आपले राहते घर विकत घेण्याचा अधिकारही त्याला आहे. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीचा शेतीखेरीज वापर करण्यास 1991 च्या भूमी वापर नियमन कायद्याची मनाई आहे, आणि भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर 2023 च्या कायद्याने निर्बंध आले आहेत. कोमुनिदादच्या (जुन्या गावसंस्थेच्या) जमिनीवर उभे असलेले घर कितीही जुने आणि घरपट्टी कितीही नियमित भरलेली असली, तरी घरपट्टीची पावती मालकी देत नाही.

नगरनियोजन खात्याकडून क्षेत्राचा दाखला घ्यावा आणि जमीन सेटलमेंटमध्ये (वस्तीच्या क्षेत्रात) आहे की बागायतीत हे लेखी पाहावे. बिगरशेती वापराची सनद आहे का, हा पुढचा प्रश्न. फार्महाऊसच्या नावाने बागायतीतले छोटे भूखंड विकायला काढलेले दिसतात, पण फार्महाऊससाठी किमान 4000 चौरस मीटर जागा लागते, तेव्हा 300 चौरस मीटरच्या तुकड्यावर घर उभे राहील या आश्वासनाला काही अर्थ नाही. क्षेत्र अलीकडे बदललेले असेल तर कोणत्या कलमाखाली बदलले हे विचारावे, कारण नगरनियोजन कायद्याच्या कलम 17(2) खालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केले आहेत. किनाऱ्यालगत सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) भरतीरेषा आणि नदीकाठचे अंतर नकाशावर मोजून घ्यावे. आणि बांधलेले घर किंवा फ्लॅट असेल तर पंचायतीचा किंवा पालिकेचा ऑक्युपन्सी (घर राहण्यास वापरता येईल असा) दाखला मागावा. तो नसेल तर बँक पुढे जात नाही आणि बँकेने पुढे न जाणे ही आपल्यासाठीही सूचनाच आहे.

हे सारे मिळाले तरी सह्यांचा प्रश्न उरतो, आणि गोव्यातले बहुतेक सौदे तिथेच अडकतात. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने विवाहपूर्व करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक होते आणि त्यात वारशाने आलेली मालमत्ताही धरली जाते. म्हणजे सुनांच्या आणि जावयांच्याही सह्या लागतात. आमचे आजोबांच्या नावचे जुने घर विकायचे ठरले तेव्हा वडील हयात नव्हते. आई आणि आम्ही चार भावंडे अशा पाच सह्या पुरतील असे समजून आम्ही विसार घेतला. वकिलांनी हिशेब मांडला: आम्हा चौघांचे जोडीदार धरून आमच्याच बाजूने नऊ, एक आत्या आणि तिचे यजमान मिळून दोन, दुसरी आत्या वारलेली म्हणून तिचे यजमान, तीन मुले आणि त्या तिघांचे जोडीदार असे सात. पाचाच्या अठरा झाल्या. त्यांपैकी एक भाऊ मस्कतला होता. त्याचे मुखत्यारपत्र तिथून प्रमाणित होऊन आले, आणि परदेशातून आलेल्या अशा पत्रावर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावावा लागतो हे आम्हाला मुदत टळल्यावर कळले. घेणारे कुटुंब भले होते, तरी त्यांनी वाट किती पाहावी? आम्ही विसार परत केला. मुलीच्या शाळेजवळ घर हवे म्हणून ते थांबले होते, आणि त्यांचे एक शैक्षणिक वर्ष आमच्या निष्काळजीपणामुळे गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून विकणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की घर दाखवण्याआधी वारसांचे काम पुरे करावे. विशेष नोटरीपुढे वारसनिश्चितीचा दस्त करून घ्यावा, आणि वाटणीबाबत मतभेद असतील तर न्यायालयात इन्व्हेंटरीची (मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची) कार्यवाही करावी. 2012 चा वारसा कायदा 2016 च्या अखेरीस लागू झाल्यापासून हे काम त्याच्या चौकटीत होते. आजोबांनी मृत्युपत्र एकाच मुलाच्या नावे केले आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण मुलांसाठी राखीव असलेला अर्धा हिस्सा मृत्युपत्राने डावलता येत नाही. या बोलण्याला सर्वांत योग्य वेळ चवथीची (गणेश चतुर्थीची). सगळे भाऊ, बहिणी, सुना, जावई मूळ घरी येतात, गणपतीवर माटोळी (फळापानांची सजावट) बांधलेली असते आणि मन मोकळे असते. पूजा-आरतीच्या धामधुमीत नव्हे, पण दुसऱ्या दिवशी सावकाश बसून कुणाचे आधार कार्ड, कुणाचा विवाह नोंदणीचा दाखला कुठे आहे याची यादी करावी. त्याच बैठकीत एकच विक्री किंमत आणि रेराकडे (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे) नोंदलेला एकच दलाल ठरवावा. चार भावांनी चार दलालांना चार आकडे सांगितले की ग्राहक सर्वांत खालचा आकडा धरून बसतो.

घेणाऱ्याने विसार देण्याआधी वकिलामार्फत मराठी आणि इंग्रजी दोन्ही वृत्तपत्रांत हरकतींची जाहीर सूचना द्यावी आणि सब-रजिस्ट्रारकडून बोजा नसल्याचा दाखला घ्यावा. नव्या प्रकल्पात, भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर रेराची नोंदणी आवश्यक आहे. लेखी नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डर 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातले दोष आढळले तर ते त्याने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. किंमत 50 लाख किंवा त्याहून अधिक असेल तर घेणाऱ्याने 1 टक्का कर कापून भरायचा असतो. विकणारा अनिवासी असेल तर हिशेब पूर्ण वेगळा होतो आणि कपात कितीतरी मोठी असते, तेव्हा सनदी लेखापालाला आधी भेटावे. 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रोख विकणाऱ्याने घेतली तर दंड तितकाच होतो. विकणाऱ्याने भांडवली नफ्याचा कर मनात धरूनच किंमत ठरवावी. दुसरे राहते घर विक्रीनंतर दोन वर्षांत घेतल्यास किंवा तीन वर्षांत बांधल्यास सवलत मिळू शकते.

खरेदीखत झाल्यावर किल्ल्या हातात आल्या तरी काम संपत नाही. मामलेदार कार्यालयात म्युटेशनचा (जमिनीच्या नोंदीत नाव बदलण्याचा) अर्ज त्याच आठवड्यात द्यावा, पंचायतीत किंवा पालिकेत घरपट्टी आपल्या नावे करावी, वीज खात्याचे आणि पाण्याचे कनेक्शन बदलून घ्यावे आणि थकबाकी नसल्याचे दाखले फाइलला लावावेत. म्युटेशन मंजूर होऊन एक-चौदाच्या उताऱ्यावर आपले आणि जोडीदाराचे नाव आले की त्याची प्रमाणित प्रत काढून खरेदीखतासोबत ठेवावी.